शंभर मीटर

होसमनी साहेबांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं,
'गट्टी हिडी, परसू,' म्हणाले,
आणि देवळाच्या जोत्यापासून चालत निघाले.
पिंपळ. मोनाप्पाचा गोठा. नळाची टाकी.
टेप तीस मीटरचा, म्हणून तीनदा थांबले,
वर आणखी दहा.
शंभर भरले तेव्हा
साहेब आमच्या सैपाकघरात उभे होते.
चूल आत.
न्हाणी बाहेर.
आईनं गुळाचा चहा दिला,
तो त्यांनी बंदीच्या जागेत उभ्याउभ्याच प्यायला.

निळ्या पाटीवर कन्नड आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे.
दंडाचा आकडा तिन्ही भाषांत सारखा.
चौथी भाषा मी:
पाटीखाली बसतो, येईल त्याला सांगतो,
चपला इथं काढा,
खांबाला टेकू नका, नाव कोरू नका.
अकरा वर्षं रोजंदारी.
शिट्टी आहे, टोपी आहे, ओळखपत्र येणार आहे.

धारवाडहून एक बाई आल्या होत्या,
शिलालेखावर ओला कागद चिकटवून
कुंच्यानं थोपटत बसल्या,
बाळाला निजवावं तशा.
कागद वाळला. शाई फिरली. अक्षरं पांढरी वर आली.
बाईंनी वाचून दाखवलं:
नंदादीपाच्या तेलासाठी दिलेली जमीन,
पूर्वेला वारूळ,
दक्षिणेला ओढा,
पश्चिमेला दोन जांभळी,
आणि उत्तर
तेवढं फुटून गेलंय.
'वारूळ अजून आहे का हो?'
मी म्हटलं, बाई, वारूळ काय, चालतं.

मग दोन दिवस कट्ट्यावर भांडण,
दगड कुणाच्या भाषेत बोलला.
कुणीतरी बेळगावला फोनही लावला.
दगड तेलाबद्दल बोलत होता.

संध्याकाळी कुलूप घालण्याआधी
मी वीरगळ मोजतो.
सहावा कलंडलेला.
नवव्याच्या मागं पालीची अंडी.
बाराव्याला कुणीतरी चुना फासलाय, माझ्या आधीच्या काळात.
चौदा.
रजिस्टरात लिहितो चौदा.

पंधरावा आमच्या परसात आहे.
आई त्याच्यावर धुणं धुते.

लहानपणी त्याच्याखाली हात घालायचो
तर बोटांना एक शिंग लागायचं, एक कान.
कुणाला सांगितलं नाही. गाय माझी होती.
नळाची पाइप टाकताना
मोनाप्पानं पहारीनं एक कड उचलली:
खाली गाई, दाटीवाटीनं,
त्यांच्यापुढं धनुष्य ओढलेला एकटा माणूस.
मधे त्यालाच दोन बायका
बगलेत धरून वर नेताना.
त्याच्यावर काय होतं ते मातीत राहिलं,
कारण आई न्हाणीच्या दारातून म्हणाली,
'पालथा घाला.
आधी पालथा घाला, मग बोला.'

मोनाप्पा म्हणाला, सांगून टाकू या.
मी म्हटलं, मग टेप इथून धरतील.
सुताराची नवी भिंत, अंगणवाडी,
बायनाबाईचा अर्धा बांधलेला संडास...
एक तर त्याला नेतील,
नाहीतर आम्हाला.
हे खरं का खोटं, मला ठाऊक नाही.
साहेबांना विचारलं असतं तर कळलं असतं.
विचारलं नाही.

आज कुलूप घातलं, रजिस्टर घरी आणलं,
दिव्याखाली बसलो.
बाहेर घोंगडी आपटल्याचा आवाज.
'आई, जरा हळू.'
'काय लिहूलालास रे?'
'चौदा.'
ती थांबली नाही.
'गाई राखताना मेलाय तो,' म्हणाली,
'धुण्याला भितोय होय?'

मग तांब्याभर स्वच्छ पाणी
तिनं दगडावर ओतलं, शेवटचं,
रोज ओततं तसं, हात न जोडता.
साबणाचा फेस न्हाणीच्या मोरीतून निघाला,
साहेबांनी खडूनं ओढलेल्या रेघेवरून गेला,
आणि अंधारात
दक्षिणेला उतरला,
ओढ्याकडं.
ओढा अजून आहे.